चारशेला दोन, आठशेलाही दोन

शुक्रवार, ६ सप्टेंबर

प्रिय सेकंद,

अण्णांनी पाडलेल्या नावानंच हाक मारतोय. तू एका जागी ठरायची नाहीस म्हणून तू सेकंद, आणि मी ढकलल्याशिवाय हलायचो नाही म्हणून तासकाटा. घड्याळजीच्या घरात दुसरी नावं येणार तरी कुठून! इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी वहिनी ठीक आहे. दुकानही ठीक आहे, म्हणजे लोक पट्टा बदलायला आणि सेल टाकायला येतात, घड्याळ दुरुस्त करायला कुणी येत नाही. माझं काय ते पुढे कळेलच.

आज खेळांचं उद्घाटन झालं. दुकानातला छोटा टीव्ही लावून एकटाच बघत बसलो. दोनशेच्या वर देश, चालताहेत आपले हात हलवत. तुला आठवतं? मोठ्या देशाचं पथक आलं की तू पाणी प्यायला उठायचीस, आणि एवढ्याशा देशाचे दोघंतिघं आले की उभी राहून टाळ्या पिटायचीस. मी म्हणायचो, "अगं बये, त्यांना ऐकू जातंय का?" तू म्हणायचीस, "जातं." आज कुठल्याशा बेटाची एकटीच मुलगी आली. झेंडा तिनेच धरलेला आणि लोकांना हातही तीच करत होती. मी टाळ्या वाजवल्या. पट्टा बदलायला आलेल्या बाईंनी विचारलं, "नात्यातली का तुमच्या?" आता काय सांगू त्यांना.

अण्णा गेल्यापासून तेरा वर्षांत हे खेळ तीनदा येऊन गेले, आणि तिन्ही वेळा मी तुला पत्रं लिहिली. पाकिटं चिकटवून, तिकिटं लावून टेबलाच्या खालच्या खणात ठेवलीत. टाकली नाहीत, एवढंच राहिलं.

या वेळी टाकणार आहे. त्याला कारण घडलंय. गेल्या आठवड्यात तुझ्या गावाहून एक पाकीट आलं. अक्षर तुझं नव्हतं. "मामा, तुम्ही मला ओळखत नाही," अशी सुरुवात. तुझी लेक! सतरा वर्षांची झाली आणि आठशे मीटर पळते, हे मला असं कळतंय. अण्णांच्या स्टॉपवॉचच्या डबीत दुकानाचं जुनं कार्ड होतं म्हणे, त्यावरून पत्ता मिळाला.

ती लिहिते की येत्या बावीस तारखेला, म्हणजे खेळ संपतात त्याच रविवारी, तिची निवड चाचणी आहे. दोन मिनिटं अकराच्या आत आली तर शिबिरात घेतील. सरावात तू आजोबांच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतेस तेव्हा तिला दोन मिनिटं दहा लागतात. स्पर्धेत, मैदानावरच्या विजेच्या घड्याळावर, कधीच तेवढी येत नाही. तू म्हणतेस, स्पर्धेत तिचा धीर सुटतो. "मामा, आजोबांचं घड्याळ चुकत असेल का?" असं तिनं विचारलंय. खाली आणखी एक ओळ आहे. सरावासाठी तिनं या वर्षी कॉलेजात प्रवेशच घेतलेला नाही.

"आईला सांगू नका," असंही लिहिलंय. आणि मी पहिल्याच पत्रात तुलाच सांगतोय. विश्वासाला जागण्यात आपला हात कोण धरणार!

तुझा,
तासकाटा

मंगळवार, १० सप्टेंबर

प्रिय सेकंद,

पहिलं पत्र अजून खणातच आहे. टाकतो. पोस्ट काही पळून जात नाही.

आज पोहणं होतं. शंभर मीटरची अंतिम फेरी. पाचव्या पट्टीतली मुलगी भिंतीला हात लावून वर आली, फलकाकडे वळली आणि फलकाकडे बघतच राहिली. चौथी. तिसरीपेक्षा एका सेकंदाचा शंभरावा भाग मागे. शंभरावा भाग म्हणजे काय ते मी वीसेक वर्षं घड्याळं उघडूनही सांगू शकत नाही. आपल्या घरच्या स्टॉपवॉचला तो दिसतही नाही. कॅमेरा लगेच पहिलीकडे गेला, तिच्या आईकडे गेला, झेंड्याकडे गेला. ही बिचारी कडेला एकटीच चष्मा हातात घेऊन. मी ओरडलो, "अरे, हिला दाखवा ना!" आतून तुझी वहिनी म्हणाली, "काल त्या भालाफेकवाल्याला खांदा कसा वळवायचा ते शिकवत होतात, आज कॅमेरावाल्याला. ऐकतंय का कुणी?"

खरंय तिचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. चाळीस वर्षं मी हे खेळ बघतोय आणि चाळीस वर्षांत माझ्या ओरडण्यानं एकही माणूस एक बोटभर पुढे सरकलेला नाही. तरी घसा बसेपर्यंत ओरडतो. समोर होतंय ते दिसतं, पुढे काय होणार तेही कधीकधी दिसतं, आणि करता काही येत नाही. तुझ्या लेकीचं पत्र आल्यापासून मला अगदी तसंच झालंय.

तिनं पत्रासोबत वहीचं एक पान पाठवलंय. सरावाच्या वेळा एका बाजूला, स्पर्धेच्या दुसऱ्या बाजूला. नीट आखून. वळण तुझंच आहे. आठशेला सरावात दोन मिनिटं दहा, स्पर्धेत दोन बारा. पुन्हा दोन दहा, पुन्हा दोन बारा. मधे कधीतरी ती चारशेही पळलीय. तिथे सरावात अठ्ठावन्न सेकंद, स्पर्धेत साठ.

मी तिला उत्तर धाडलं की घड्याळ जुनं आहे, आजोबांच्याही आधीचं, आतलं तेल सुकलं असेल, पाठव, बघून देतो. तसं होतंही. तेल सुकलं की घड्याळ मागे पडतं, आणि मागे पडलं की वेळ कमी दाखवतं. अगदी शक्य आहे.

काल तुला फोन लावला होता. तू "हॅलो" म्हणालीस, दोनदा. आवाज अण्णांसारखा झालाय गं तुझा. मी ठेवून दिला. रेंज नव्हती.

तुझा,
तासकाटा

शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय सेकंद,

रेंज होती.

आज बायकांच्या आठशे मीटरच्या पहिल्या फेऱ्या झाल्या. सकाळी दुकान उघडलं आणि फळीवरची घड्याळं पुसायच्या आधी टीव्ही लावला. अण्णा असते तर खुर्ची पुढे ओढून, स्टॉपवॉचला चावी देऊन तयार बसले असते. तुला आठवतं ना? बंदुकीचा धूर दिसला की दाबायचे. आवाजावर नाही. "आवाज रेंगाळतो, धूर रेंगाळत नाही," म्हणायचे. मग शर्यत संपली की पडद्यावरची वेळ यायच्या आत स्वतःची वेळ सांगायचे आणि मान ताठ करून आपल्याकडे बघायचे. फार तर एकदशांश सेकंदाचा फरक! आपण दोघं पैज लावायचो आणि प्रत्येक वेळी अण्णाच जिंकायचे. आणि मग म्हणायचे, "एक दिवस मी हिची वेळ घेणार, इथे बसून." हिची म्हणजे तुझी. पडद्यावर तू पळणार आणि ते खुर्चीत बसून दाबणार. सगळं ठरलं होतं आपलं.

चोवीस वर्षं झाली त्या चाचणीला. कधी बोललो नाही आपण त्यावर, म्हणजे तू बोललीस, मी नाही. लिहितो.

अण्णांना दुकान सोडवत नव्हतं म्हणून सरावाला रोज सकाळी मी यायचो. मैदानाच्या कडेला उभा राहून स्टॉपवॉच मी धरायचो. निवडीला हवी होती दोन मिनिटं बारा. तुझी सरावात यायची दोन अकरा, कधी त्याच्याही आत. वेळ येतेय म्हटल्यावर तू पोस्टातली नोकरी सोडलीस. कायम झालेली नोकरी. अण्णांनी विचारलं, "नक्की ना?" तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "दादा रोज वेळ घेतोय की!"

आणि चाचणीच्या दिवशी फलकावर दोन तेरा आणि वर थोडं. पाचवी. सकाळी चारशे पळालीस त्यातही हेच झालं होतं, पण तेव्हा आपण म्हणालो की अंग गरम व्हायचंय. आठशेनंतर तू माझ्यापाशी आलीस. रडत नव्हतीस. धाप लागलेली. म्हणालीस, "दादा, घड्याळ?"

मी म्हणालो, "मागे पडत असणार."

एवढंच बोललो मी. चार शब्दसुद्धा नाहीत. पुढचं सगळं तूच बोललीस, घरी जाऊन, अण्णांना. "घड्याळजी म्हणवता आणि पोरीच्या हातात मागे पडणारं घड्याळ देता? तुमच्या भरवशावर नोकरी सोडली मी!" अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं. स्टॉपवॉच उघडून बसले. तू त्याच आठवड्यात गाव सोडलंस. अण्णा ते घड्याळ पुन्हा पुन्हा उघडत राहिले, आठ वेळा तरी. मग एक दिवस डोळ्याचं भिंग काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "नजर गेली माझी. आता तू बस." चांगली धडधाकट नजर होती गं. वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात वाचायचे. पण त्यानंतर त्या टेबलाशी बसले नाहीत. अकरा वर्षं.

आणि ते गेले तेव्हा तू एका दिवसासाठी आलीस. निघताना दारात विचारलंस, "दादा, घड्याळ खरंच मागे पडत होतं?" मी म्हणालो, "आता काय त्याचं." तू खणातून स्टॉपवॉच उचललंस, पिशवीत टाकलंस आणि गेलीस. त्यानंतर आपली भेट नाही.

घड्याळ मागे पडत असावं. अजूनही मी असंच म्हणतो. जुनं होतं.

आजच्या तिसऱ्या फेरीत त्या बेटावरची मुलगी होती. उद्घाटनाला एकटी आलेली, तीच. माझ्या हातात काही नव्हतं, नुसती मूठ. ती शेवटच्या वळणावरून आली, सगळ्यांच्या मागे, तोंड वेडंवाकडं झालेलं, आणि माझा अंगठा दाबला गेला. आपोआप. मी खाली बघितलं, मग वर बघितलं. ती अजून रेषेपासून आठदहा पावलं लांब होती.

तुझा,
तासकाटा

गुरुवार, १९ सप्टेंबर

सेकंद,

पार्सल मंगळवारी आलं. मला वाटलं पोरीनं पाठवलं असेल. पत्त्यावरचं अक्षर बघितलं आणि टेबलावरचा चिमटा खाली पडला, तो अजून सापडलेला नाही. म्हणजे तिनं तुला सांगितलं. बरं झालं. माझ्यापेक्षा धीट आहे.

आत अण्णांचं स्टॉपवॉच, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आणि चिठ्ठी. "दादा, मागे पडतं का? बघून खरं सांग." बस. खाली सही नाही. 'खरं' या शब्दावर पेन दोनदा फिरवलेलं आहे.

दोन दिवस हेच करतोय. गिऱ्हाईक आलं तर "उद्या या" म्हणतो. उघडून बघितलं. आत धूळ नाही, आतली स्प्रिंग ठाकठीक, तेल ताजं. कुणाकडून तरी दोनतीन वर्षांपूर्वी साफ करून घेतलेलं दिसतंय. चांगला कारागीर आहे, त्याला माझा नमस्कार सांग. मग चावी देऊन वेळ लावली. तबकडी वर ठेवून, तबकडी खाली ठेवून, उभं धरून. एका मिनिटाला, दोन मिनिटांना, दहा मिनिटांना. काल संध्याकाळी आठशेची अंतिम फेरी होती, तीही यानंच घेतली. धूर दिसल्यावर दाबलं. रेषेवर छाती गेल्यावर दाबलं. डोळे फाडून बसलो होतो, अंगठ्याला दुसऱ्या हातानं धरलं होतं. पडद्यावरच्या वेळेत आणि माझ्यात एकदशांश सेकंदाचा फरक. अण्णांचा असायचा तेवढाच.

आता मला काय लिहायचंय ते तुला कळलंच असेल. 'मागे पडतं' असं लिहिणं किती सोपं आहे बघ. मी लिहिलं की तू सुटलीस. पोरीला सांगशील, बघ, मामानं सांगितलं, घड्याळच खराब होतं, आपल्या दोघींची काही चूक नाही. आणि चोवीस वर्षांपूर्वीचा मीही सुटलो. दोन शब्द. आधी एकदा बोललेलेच.

पण पोरीचं ते पान माझ्या समोर काचेखाली आहे. घड्याळ मागे पडत असेल तर जेवढं जास्त चालेल तेवढं जास्त मागे पडेल. आठशेला दोन सेकंद पडत असेल तर चारशेला एकच पडायला हवं. तिच्या पानावर चारशेला दोन आणि आठशेलाही दोन. घड्याळाला काय ठाऊक शर्यत केवढी आहे? ते हाताला ठाऊक असतं. सुरुवातीला एक सेकंद उशिरा आणि शेवटी एक सेकंद आधी. ती पाठमोरी निघते, तेव्हा दिसत नाही. येताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असतात, तेव्हाही दिसत नाही. धरणाऱ्यालासुद्धा पहिले काही दिवस दिसत नाही. मग दिसायला लागतं. मग तो दुसरीकडे बघतो.

मला कसं ठाऊक म्हणून विचारू नकोस.

नाही, विचार. कुणीतरी विचारायला हवं होतं.

तू तापातून उठली होतीस. चार दिवसांनी पहिल्यांदा पळालीस आणि दोन चौदा लागली. तू गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होतीस. म्हणालीस, "सांग." मी म्हणालो, "दोन बारा." तू वर बघितलंस आणि हसलीस. मला दुसरं काही सुचलं नाही गं, तुला बरं वाटावं एवढंच. दुसऱ्या दिवशी खरी वेळ सांगितली असती तर तुला वाटलं असतं की घसरलीस. म्हणून दुसऱ्या दिवशी सुरुवातीला उशिरा आणि शेवटी आधी दाबलं. एकदा दिलेला सेकंद परत मागता येत नाही. तू नोकरीचा राजीनामा दिलास त्या सकाळी मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. मैदानावर गेलो, तू पळालीस, मी आधी दाबलं आणि "दोन अकरा" म्हणालो.

अण्णांना ठाऊक होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. ते गेल्यावर त्यांच्या खणात तुझ्या वेळांची वही सापडली. शेवटच्या पानावर त्यांनी चाचणीच्या आणि सरावाच्या वेळा शेजारी मांडल्या होत्या. चारशेपुढे दोन, आठशेपुढे दोन, आणि दोन्ही आकड्यांखाली रेघ. दुसरं अक्षर नाही. त्यांना एका नजरेत कळलं असणार. नजर काही गेलेली नव्हती. पोरगी गेलीच आहे, आता पोरालाही कशाला घालवा, असं म्हणाले असतील मनात. घड्याळावर ढकललेला आळ स्वतःवर घेतला आणि भिंग माझ्यासमोर ठेवलं. आणि मी ते उचलून डोळ्याला लावलं, सेकंद. तेरा वर्षं ती वही माझ्याकडे आहे आणि तेरा वर्षं मी तू फोन उचलशील म्हणून घाबरून फोन करत नाही.

तू तुझ्या लेकीला फसवतेस असं मी म्हणत नाही. म्हणायला मला तोंड नाही. तू जाणूनबुजून दाबतेस की तुझा हात आपोआप जातो, तेही मला ठाऊक नाही. तू खरं सांग म्हणालीस म्हणून एवढंच सांगतो. रविवारच्या आधी तिला सांग की तिची वेळ दोन बारा आहे. दोन बाराची पोरगी दोन अकरासाठी पळू शकते. पण आपण दोन दहाच्या आहोत असं समजून पळणाऱ्या पोरीला बारा दिसली की ती फलकाकडे कशी बघते, ते मी बघितलंय. तुला बघितलंय. त्यातून ती निवडली नाही गेली तर नाही, पुढच्या वर्षी कॉलेज आहे. निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते तिला नीट ठाऊक असेल.

मी इथून यापेक्षा काही करू शकत नाही. रविवारी ती पळेल तेव्हा इथे टीव्हीवर समारोपाची तयारी दाखवत असतील आणि मी त्यासमोर बसलेला असेन. तिची शर्यत कुठल्या पडद्यावर दिसणार नाही. ओरडलो तरी ऐकू जाणार नाही. तू म्हणायचीस, जातं.

सगळी पत्रं या पार्सलात घालतोय, मागच्या तीन खेपांचीसुद्धा, आणि अण्णांची वही. कुरिअरवाला म्हणतो शनिवारी दुपारपर्यंत पोचेल. तो समोर उभा आहे, त्याला घाई आहे. दुकानाची चिठ्ठी रीतीप्रमाणे भरून घड्याळाला बांधलीय, तीच इथे उतरवतो.

वस्तू: स्टॉपवॉच, चावीचं, एक.
तक्रार: मागे पडतं का.
तपासणी: दोन दिवस, सर्व बाजूंनी.
दोष: नाही.

घड्याळ बरोबर आहे, सेकंद. तेव्हाही बरोबरच होतं.

तासकाटा